क्लेम टाकायचा की सोडून द्यायचा? एका टायपिस्टच्या मनगटाचा हिशेब

"काकू, यात किती भेटतील?"

एक्स-रे उन्हात धरून हा प्रश्न विचारणारे लोक मी बावीस वर्षं पाहते आहे. नागपूरच्या सिव्हिल लाईन्समध्ये जिल्हा न्यायालयाबाहेर माझं टायपिंगचं टेबल आहे. आधी रेमिंग्टन होतं, आता लॅपटॉप आणि दर उन्हाळ्यात रुसून बसणारा प्रिंटर. अर्ज, शपथपत्रं, भाडेकरार आणि मोटार अपघाताचे दावे असं सगळं टाइप करते. मी वकील नाही, आणि सल्ल्याचे पैसे घेत नाही. पण एवढी वर्षं दुसऱ्यांची मोडलेली हाडं टाइप केल्यावर कोणती केस तग धरेल आणि कोणती तीन तारखांत दम सोडेल, हे बोटांनाच कळायला लागतं.

मग नोव्हेंबर २०२३ मध्ये माझंच मनगट मोडलं. लोकांना जे करू नका म्हणून सांगत आले, ते सगळं मी स्वतः केलं.

सकाळची साडेदहाची वेळ, कोर्टाची घाई. रहाटे कॉलनी चौकाच्या अलीकडे कडेला उभ्या असलेल्या कारचं दार एकदम उघडलं आणि मी अ‍ॅक्टिव्हासकट उजव्या हातावर पडले. गाडीवाला तरुण पोरगा, वागायला भला. मला उचललं, जवळच्या एका खासगी दवाखान्यात नेलं. इंजेक्शन, क्रेप बँडेज, गोळ्या. निघताना तीन हजार रुपये हातावर ठेवले आणि म्हणाला, "ताई, पोलिसात कायले जाता? तुमाले बी चकरा, मले बी चकरा." मलाही पटलं. चकरा म्हणजे काय, हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक! दवाखान्याच्या कागदावर डॉक्टरांनी लिहिलं होतं, 'गाडीवरून घसरून पडल्या'. मी ते वाचलंही नाही. दिवसभर दुसऱ्यांच्या कागदातल्या वेलांट्या सुधारणारी बाई मी!

तिसऱ्या दिवशी बोटं वांग्यासारखी झाली. दुसरीकडे एक्स-रे काढला तर मनगटाजवळचं हाड मोडलेलं. ऑपरेशन झालं, प्लेट बसली, चार महिने टेबल बंद. पोलिसांत तक्रार सहाव्या दिवशी दिली.

माझ्या चुकांतूनच सांगते, म्हणजे लक्षात राहील.

आधी कागद, मग विचार

दावा करायचा की नाही हे पहिल्या आठवड्यात ठरवायची गरज नसते. सूज उतरू द्या, डॉक्टर काय म्हणतात ते ऐका. पण कागद पहिल्याच दिवशी तयार करावे लागतात, कारण ते मागाहून होत नाहीत.

दवाखान्यात सांगताना 'पडलो' म्हणू नका. 'अमुक गाडीने धडक दिली', 'उभ्या कारचं दार लागलं', असं सांगा आणि कागदावर तेच लिहिलंय का ते वाचून घ्या. पोलिसांचा त्रास नको म्हणून 'घरी जिन्यावरून पडले' असं लिहून घेणारे मी पाहिले आहेत. त्यांच्या केसमध्ये विमा कंपनीच्या वकिलाला फार कष्ट पडत नाहीत. मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांत अपघात सांगितला की एमएलसीची, म्हणजे पोलिसांना कळवायच्या केसची, नोंद होते. खासगी ठिकाणी ती आठवणीने मागा.

गाडीचा नंबर लिहून घ्या. मोबाइलमध्ये फोटो असेल तर उत्तमच. मग त्याच दिवशी एमपरिवहन या सरकारी अ‍ॅपवर तो नंबर टाकून विम्याची तारीख बघा आणि त्या पडद्याचा फोटो काढून ठेवा. अपघात सकाळी आणि पॉलिसी त्याच दुपारी काढलेली, असेही नमुने असतात.

तक्रार द्यायला उशीर झाला म्हणजे सगळं संपलं, असं नाही. तेवढ्या एका कारणावरून दावा फेटाळू नये असं सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच म्हटलं आहे. मात्र उशीर का झाला हे एफआयआरमध्येच लिहिलेलं हवं. मी लिहिलं: हाड मोडल्याचं तिसऱ्या दिवशी कळलं, मग ऑपरेशन झालं, म्हणून आज आले. आणि समोरच्याने कितीही गोड बोललं तरी 'आमची काही तक्रार नाही' किंवा 'सर्व रक्कम मिळाली' अशा कागदावर सही करू नका. निदान एक्स-रे हातात येईपर्यंत तरी नाहीच.

कोणाकडून मागणार?

पुष्कळ लोक इथेच अडखळतात. दुखणं मोठं असतं, पण समोर कोणीच नसतं.

दुसऱ्याची गाडी, नंबर माहीत, विमा चालू: सरळ रस्ता. थर्ड पार्टी विमा, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याला लागलं तर त्याच्यासाठीचा विमा, कायद्यानेच सक्तीचा आहे, त्यामुळे पैसे कंपनीने द्यायचे असतात. त्या पोराचं घर विकलं जाईल या भीतीने पुष्कळ बायका मागे हटतात, मीही हटले होते. त्याच्या गाडीला विमा होता. त्याला चकरा पडल्या हे खरं, पण घर शाबूत आहे. आणि गाडी उभी होती म्हणजे मोटार अपघात नाही, हाही गैरसमज. दार उघडणं हा गाडीच्या वापराचाच भाग.

विमा नसेल तर मालकाकडून वसूल करावं लागतं. मग मालकाकडे काही आहे का, हे आधी पाहा. निकाल लागणं आणि पैसे हातात पडणं यांत अंतर असतं.

गाडी पळून गेली आणि नंबरच नाही, तर हिट अँड रनची वेगळी योजना आहे. गंभीर दुखापतीला ५० हजार, मृत्यू झाल्यास वारसांना २ लाख. त्यासाठी कोर्टात यावं लागत नाही, अर्ज उपविभागीय अधिकारी किंवा तहसीलदारांकडे जातो. रक्कम कमी आहे, पण लोकांना ती माहीतच नसते म्हणून सांगते.

स्वतःच घसरून पडलात तर थर्ड पार्टी विम्यातून काही मिळत नाही. पॉलिसीत मालक-चालकाचं १५ लाखांचं अपघाती संरक्षण असेल तर तेही मृत्यू किंवा हातपाय, डोळा कायमचा जाणं अशासाठी असतं, साध्या मोडलेल्या पायासाठी नाही. मागे बसलेल्याची गोष्ट वेगळी. दोन गाड्यांच्या धडकेत त्याला लागलं, तर चूक चालवणाऱ्याची होती की समोरच्याची या भांडणात त्याने पडायचं कारण नाही. तो दोघांपैकी कोणाकडूनही पूर्ण रक्कम मागू शकतो.

खड्ड्याने पाडलं तर? आधी मी अशा लोकांना चहा पाजून परत पाठवत असे. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आदेश दिला की खड्डा किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाला तर ६ लाख आणि जखमी झाल्यास ५० हजार ते अडीच लाख भरपाई द्यावी. तेव्हापासून मी म्हणते, खड्ड्याचा फोटो काढा, शेजारी काहीतरी ठेवून काढा म्हणजे आकार कळेल, आणि दुसऱ्या दिवशी कोणी मुरूम टाकायच्या आत काढा. संक्रांतीत नायलॉन मांजाने गळा कापलेल्यांचं मात्र वाईट वाटतं. दोरा हातात असतो, पण दुसरं टोक कोणाच्या गच्चीवर होतं हे कोण सांगणार?

कामावर असताना गाडीने अपघात झाला, म्हणजे हिंगणा किंवा बुटीबोरीच्या एमआयडीसीतले कामगार, ट्रकवरचे चालक-क्लीनर, तर दोन दारं असतात: कर्मचारी भरपाईचा कायदा (नोव्हेंबर २०२५ पासून तो सामाजिक सुरक्षा संहितेत गेला) किंवा मोटार अपघाताचा दावा. दोन्हींतून घेता येत नाही. कोणतं निवडायचं हे वकिलाला विचारूनच ठरवा.

जखमेचं माप कशाने घ्यायचं

आता खरा प्रश्न. लोक टाके मोजतात. सतरा टाके पडले म्हणजे मोठी केस असं त्यांना वाटतं. हे दावे ऐकणारं न्यायाधिकरण मोजतं ते वेगळंच: या जखमेने तुमची कमाई किती आणि किती दिवस अडवली, आणि पुढे किती अडवणार.

सर्वोच्च न्यायालयाचा २०१० चा राजकुमार विरुद्ध अजय कुमार हा निकाल मी इतक्यांदा टाइप केलाय की झोपेतही लिहीन. त्यातलं उदाहरण असं: डावा हात गेला तर शारीरिक अपंगत्व ६० टक्क्यांच्या आसपास. पण तो माणूस ड्रायव्हर किंवा सुतार असेल तर कमाईचं नुकसान जवळजवळ १०० टक्के. सरकारी कारकून असेल तर नोकरी कदाचित जाणारच नाही. हात तोच, हिशेब वेगळा.

माझ्याच मनगटाचं बघा. प्रमाणपत्रावर उजव्या हाताचं १८ टक्के अपंगत्व लिहून आलं. कंपनीचे वकील म्हणाले, अख्ख्या शरीराचं धरलं तर सहा-सात टक्केच. आमच्या वकील ताई म्हणाल्या, यांचं पोटच मनगटावर आहे. पूर्वी दिवसाला चाळीस पानं व्हायची, आता पंचविसाला हात जड होतो.

समजा १५ टक्के धरले. कमाई महिना १८ हजार, म्हणजे वर्षाला २ लाख १६ हजार. त्याचे १५ टक्के ३२,४००. अपघाताच्या वेळी माझं वय ४७, आणि ४६ ते ५० वयाला गुणक, म्हणजे वर्षाचं नुकसान किती पट धरायचं तो आकडा, १३ लागतो. हे गुणक २००९ च्या सरला वर्मा निकालातले: पंचविशीपर्यंत १८, ३६ ते ४० ला १५, साठीनंतर ७ आणि मग ५. तर ३२,४०० गुणिले १३ म्हणजे ४,२१,२००. स्वतःचा धंदा करणाऱ्याला ४० ते ५० वयात भविष्यातल्या वाढीचे २५ टक्के धरतात, ते मिळवले की ५,२६,५००. त्यात औषधोपचाराचे १ लाख १८ हजार, चार महिने बुडालेल्या कामाचे ७२ हजार, वेदनांपोटी काही रक्कम. आकडा पावणेआठ लाखांच्या आसपास गेला.

आता हीच प्लेट माझ्या शेजारच्या वहिनींच्या मनगटात असती. त्या सरकारी नोकरीत, पगारी रजा मिळाली, पगार एक रुपयाने कमी झाला नाही. त्यांच्या हिशेबात पाच लाखांचा तो आकडा जवळजवळ शून्य होतो. उरतं बिल, वेदना, मोडलेली रजा. तरीही दावा योग्यच, पण अपेक्षा दीड-दोन लाखांची ठेवून.

मेडिक्लेमने बिल भरलं असेल तर ते परत मागता येतं का, असं वहिनींनी विचारलं होतं. मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने सांगितलं की मेडिक्लेमची रक्कम भरपाईतून वजा करायची नाही. हप्ते तुम्ही भरले, त्याचा फायदा धडक देणाऱ्याला कशाला?

कमाईचा पुरावा हा आपल्यासारख्यांचा खरा घोळ. पगारपत्रक नाही, रिटर्न भरलेलं नाही. मला वाचवलं ते माझ्या वह्यांनी. कोणत्या वकिलाची किती पानं, किती रुपये, हे रोज लिहायची सवय होती. फोनपेचे व्यवहार काढले, तीन वकिलांनी शपथपत्रं दिली. तुम्ही पोह्याची गाडी लावत असाल, शिलाई करत असाल, ऑटो चालवत असाल, तर उधारीची वही, मालाची बिलं, बँकेचं पासबुक जपून ठेवा. आणि दाव्यात कमाई फुगवू नका. उलटतपासणीत एक आकडा खोटा निघाला की खऱ्या आकड्यांकडेही कोणी सरळ बघत नाही. त्या पोराने दिलेले तीन हजारसुद्धा मी अर्जात लिहिले होते.

मग कधी सोडून द्यावं?

माझा अंदाज सांगते, हा कायदा नाही. खरचटलं, मुका मार, चार दिवस सुट्टी, बिल पाच-सात हजारांच्या आत आणि डॉक्टर म्हणतात पुढे काही राहणार नाही: सोडून द्या. गाडीचा खर्च आणि औषधाचं बिल समोरच्याकडून घ्या आणि कामाला लागा. दीड-दोन वर्षांच्या तारखा, प्रत्येक तारखेला बुडालेला रोज, यात ते पैसे विरघळून जातात. आमच्या चौकातल्या पोहेवाल्याच्या गुडघ्याला लागलं होतं, फार तापला होता. त्याला मी हेच सांगितलं. त्याने हेडलाइटचे आणि औषधाचे पैसे घेतले आणि विषय संपवला. तो आठवडाभर मला तर्री जास्त वाढत होता.

हाड मोडलं किंवा सांधा निखळला, दात गेला, चेहऱ्यावर कायमचा व्रण राहिला, डोळा किंवा कान कायमचा निकामी झाला, किंवा पंधरा दिवस तुम्हाला नेहमीची कामं करता आली नाहीत, तर कायद्याच्या भाषेत ती गंभीर दुखापत. जुन्या दंडसंहितेत हे वीस दिवस होते, जुलै २०२४ पासूनच्या न्याय संहितेत पंधरा झाले. एवढं असेल तर निदान एकदा वकिलाला कागद दाखवाच.

गंभीर दुखापतीला आणखी एक वाट आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ खाली चूक कोणाची हे सिद्ध न करता अडीच लाख मिळू शकतात, मृत्यू झाल्यास ५ लाख. साक्षीदार नाहीत, थोडी चूक आपलीही होती, कमाईचं नुकसान फार नाही, अशा माणसाला ही वाट बरी. पण ती रक्कम स्वीकारली की कलम १६६ चा, म्हणजे समोरच्याची चूक दाखवून मागायचा, मोठा दावा संपतो. घाईत सही करून नंतर रडणारे पाहिले आहेत.

हेल्मेट नव्हतं म्हणून दावा गेला, असं होत नाही. पाय मोडला असेल तर हेल्मेटचा संबंधच काय? डोक्याला मार असेल तर रक्कम थोडी कापली जाऊ शकते. तुमच्याकडे लायसन्स नसणं हाही वेगळा गुन्हा, त्याने धडकेची चूक आपोआप तुमची ठरत नाही. चूक दोघांची निघाली तर तुमच्या वाट्याचे टक्के वजा होतात, बाकीचे मिळतात. फौजदारी खटल्यात ड्रायव्हर सुटला तरी दावा चालू राहतो. तिथे संशयाला जागा चालत नाही, इथे शक्यतेचं पारडं कुठे झुकतं एवढं बघतात.

सहा महिने मोजा

१ एप्रिल २०२२ पासून दावा दाखल करायला अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आहे. त्यावर सर्वोच्च न्यायालयात वाद चालू आहे, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये न्यायालयाने तूर्त केवळ मुदतीच्या कारणावरून दावे फेटाळू नका असं सांगितलं. पण मी लोकांना कॅलेंडरवर सहा महिन्यांची खूण करायलाच सांगते. माझा दावा मार्च २०२४ मध्ये दाखल झाला, पाचव्या महिन्यात. अपघात समृद्धीवर झाला आणि तुम्ही मानेवाड्याला राहता, तरी दावा नागपुरात टाकता येतो, त्यासाठी दुसऱ्या जिल्ह्यात जायला नको.

वकिलाबद्दल एकच सांगते. वॉर्डात येऊन खाटेशी बसणारे, 'एक रुपया देऊ नका, मिळतील त्यातले तीस टक्के' म्हणणारे लोक टाळा. निकालावर टक्केवारी ठरवायला बार कौन्सिलच्या नियमांत मनाई आहे, आणि जो पहिल्याच दिवशी नियम मोडतो त्याच्याकडे तुमचा चेक जाणार आहे. फी आधी ठरवा, कागदावर घ्या. पैसेच नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. बायका, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग, औद्योगिक कामगार यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. माझ्या ओळखी इतक्या असूनही मी तिथूनच वकील घेतला. ओळखीच्या वकिलाला 'माझी फाइल का पुढे सरकत नाही' असं विचारायला जीभ वळत नाही.

माझ्या केसमध्ये तो 'घसरून पडल्या'चा कागद निघालाच. कंपनीच्या वकिलांनी दोन तारखा त्यावरच घेतल्या. एफआयआर, पंचनामा आणि समोरच्या पानठेल्यावाल्याची साक्ष होती म्हणून केस उभी राहिली.

दीड वर्षाने लोक अदालतीत कंपनीने ५ लाख १० हजार देऊ केले. लोक अदालतीच्या निवाड्यावर अपील नसतं, हे मीच शेकडो लोकांना सांगितलं होतं. घरी येऊन वही काढली. पूर्ण निकालाला आणखी किती वर्षं, अर्जाच्या तारखेपासूनचं व्याज किती, कंपनी वर उच्च न्यायालयात गेली तर किती, आणि मनगटाचे टक्के सातवर आले तर किती. लेकीच्या कॉलेजची फी जूनमध्ये होती. पाच दहा म्हणाले होते, मी पाच साठ मागितले, ते पाच तीसवर आले.

तडजोडीचा मसुदा माझ्याच टेबलावर टाइप झाला. पानाचे पंधरा रुपये वकील ताईंनी सोडले नाहीत, मला दिले.